तुम्ही मागितलेली कनकीची वडी

दामूभाऊ,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत तुमच्याबद्दल इतकं गोड बोललं गेलंय की तुम्ही ऐकलं असतं तर उठून दोघातिघांच्या कानाखाली वाजवली असती. देवमाणूस होते, म्हणतात. कधी कोणाला उपाशी राहू दिलं नाही, म्हणतात. हे शेवटचं तुमच्या राइस मिलचे मुनीमजी तुमच्याच अंगणात, भरल्या मंडपात म्हणाले, आणि मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावून हसू दाबलं. मला ठेवलं होतं तुम्ही उपाशी. माझ्या पुढ्यात बसून खात होतात. ते अख्ख्या देवरीला माहीत आहे, कारण तुम्हीच हातवारे करकरून सांगत फिरायचात.

तेव्हा गोड बोलणाऱ्यांना बोलू द्या. मी तुमच्याशी आपल्या नेहमीच्या पद्धतीनं बोलतो. तुम्ही हेकट होतात. तोंडाचे फटकळ होतात. आणि मिलमधून सुटून, शेतावर चक्कर मारून, रायपूरहून जुनी आणलेली ती लोखंडी सायकल तुम्ही माझ्या नागपूरच्या महागड्या सायकलीपेक्षा जोरात चालवायचात, याचा मला मनापासून राग होता.

मी पहिल्यांदा तुमच्यासोबत निघालो तो रविवार आठवतो. बी-बियाण्यांच्या दुकानात गादीवर बसून बसून पोट सुटलं होतं आणि डॉक्टरांनी दम दिला होता. नागपूरच्या दुकानदारानं सायकलीबरोबर खिसाभर खाऊही गळ्यात मारला होता. चॉकलेटच्या कांड्या, पिळून खायच्या चकचकीत पुड्या. तुम्ही एक पुडी फोडलीत, बोटावर घेऊन हुंगलीत आणि म्हणालात, "हे त दात घासाचं पेस्ट होय जी." मग बोटावर उरलेलं माझ्याच बनियनला पुसलंत. ओळख होऊन अर्धा तासही झाला नव्हता.

पण खाण्याचं तुमचं शास्त्र खरं होतं. हे तुमच्या तोंडावर मी कधी कबूल केलं नाही, आता करतो. लांबच्या रस्त्याला पोटात काय घालायचं, ते तुम्ही स्वतःच्या पोटावर करून पाहिलं होतं. फुटाणे स्वस्त, पण तोंड कोरडं पाडतात आणि निम्मं पाणी त्यांनाच जातं. मुरमुरे म्हणजे पिशवीभर हवा. शिंगाडे फार चांगले, आपल्या तलावांत मुबलक, पण सोलायला दोन हात लागतात, मग हँडल कोण धरणार? केळं पिचकतं. चिक्की थंडीत दात मागते आणि मे महिन्यात कापडाला चिकटते. मोहाचे लाडू खाल्ले की मुन्नाला झोप यायची, असं मुन्नाच म्हणायचा. मुन्ना आपल्यातला तिसरा. गोंदियाचा कापडवाला, देवरीचा जावई, शनिवारी सासुरवाडीला येऊन रविवारी आपल्यासोबत निघणारा. तुमचं हे फुटाणेपुराण सुरू झालं की तो हात जोडायचा, "भैया, पहले कुछ खिला दो, ज्ञान बाद में दो." तुम्ही दोन्हीपैकी फक्त ज्ञान द्यायचात.

सगळं करून तुम्ही कनकीवर येऊन थांबलात. मिलमध्ये तांदूळ निघताना जे तुकडे पडतात ते. कोंबड्यांच्या खाद्यात जातात, कोणी पीठ करतं, बाकी त्यांना विचारतो कोण. तुम्ही ती कनकी घरी नेऊन शकुनवहिनींकडून गिचका भात करून घ्यायचात, गरम असतानाच त्यात गूळ, तीळ आणि चिमूटभर मीठ, मग तेल लावलेल्या ताटात वाटीनं दाबून वड्या. प्रत्येक वडी पळसाच्या पानात बांधलेली, वरून दोरा. एका हातानं खाता येते, चावत बसावं लागत नाही, पोटात दगडासारखी पडत नाही. वहिनींनी शिवलेली कापडी पिशवी कमरेला मागच्या बाजूनं बांधलेली, तीत मोजून सहा वड्या. मी तिला कोंबडीचं खाणं म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "कोंबडी तुयापेक्षा बरी पळते."

आणि मग तुमचा तो नियम. आपली पिशवी, आपलं पोट. रस्त्यात कोणी कोणाला खायला देणार नाही, कोणी मागणार नाही. तुमचं म्हणणं होतं, "जो दुसऱ्याच्या पिशवीकडं पायते तो सोताच्या पोटाचं आयकत नाई." ऐकायला छान वाटायचं. दरेकशाला त्याचा अर्थ कळला.

दसऱ्याच्या आसपासचे दिवस होते. मुन्ना नव्हता, आपण दोघंच. आमगाव, सालेकसा करत निघालो. सालेकशाला तुम्ही पानातून एक वडी काढून खाल्लीत आणि मी ढाब्यावर दोन समोसे हाणले, वर क्रीमची बिस्किटं. तुम्ही पाहिलंत, बोलला नाहीत. पुढं जंगलातल्या चढावर माझी बॅटरी उतरली. आपल्या तिघांत त्याला हेच नाव होतं. मांड्या कापसाच्या झाल्या, हात थरथरायला लागले, समोरची झाडं दोन-दोन दिसायला लागली. सायकल ढकलत कसाबसा दरेकशाच्या त्या एवढ्याशा स्टेशनवर पोचलो तर तुम्ही बाकावर आरामात बसलेले, मांडीवर पान उघडलेलं.

"दामूभाऊ, एक वडी द्या."

"तुयी पिशवी कोठी हाये?"

"संपलं जी सगळं."

"मंग संपलं त संपलं." आणि तुम्ही वडी तोंडात टाकलीत. माझ्याकडे पाहत, सावकाश. ती संपली, दुसरी काढलीत.

"काऊन असं करता? माणूस मरून जाईल ना!"

"मरत नाई कोनी. पुढच्या बारीले भरून आनशील."

तीन वड्या खाल्ल्यात. पानं घडी घालून खिशात ठेवलीत, स्टेशनवर कचरा नको म्हणून. मग सायकलवर टांग टाकून देवरीला निघून गेलात, एकटे. मी पॅसेंजर येईपर्यंत त्या बाकावर आडवा होतो. गाडीत सायकल दाराशी, मी संडासाजवळ. एका म्हातारीनं न विचारता मूठभर उकडलेल्या शेंगा दिल्या आणि मी टरफलांसकट खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते थकव्याचं होतं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते रागाचं होतं.

एवढ्यावर तुम्ही सोडलं असतं तरी मी विसरलो असतो. पण सात वर्षं, दामूभाऊ! टपरीवर चार माणसं जमली की तुम्ही दोन्ही हात थरथरवायचात, मान लोंबवायचात आणि माझा आवाज काढायचात, "दाऽमूभाऊ, एऽक वडी." माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर केलंत. माझ्या घरी, माझ्या बायकोसमोर केलंत आणि ती पदर तोंडात धरून हसली. मीही हसायचो. दर वेळी हसायचो.

त्या दिवसानंतर माझी पिशवी कधी रिकामी गेली नाही, हेही खरं. शंभर किलोमीटर झाले, दीडशे झाले, बॅटरी उतरली नाही. कुठल्या चढाआधी खायचं, भूक लागायच्या किती आधी खायचं, हे पोट आपणहून सांगायला लागलं. साखर ताळ्यावर आली, पोट आत गेलं. डॉक्टर विचारतात, काय केलं? मी म्हणतो, कनकी खाल्ली. ते सगळं तुमचं देणं आहे आणि त्याच्यासाठी मी तुमचे पाय धरायला हवे होते. त्याऐवजी काय शिकलो ते सांगतो. मागच्या हिवाळ्यात सडक अर्जुनीजवळ हायवेच्या कडेला एक नवखा सायकलवाला बसला होता, चांगला पस्तिशीचा, पांढराफटक. त्यानं माझ्याकडे काही खायला आहे का विचारलं. माझ्या पिशवीत चार वड्या होत्या. मी म्हणालो, पुढं ढाबा आहे, चालत गेलास तर पोचशील. तुम्ही मागून आलात, सगळं ऐकलंत आणि माझ्या पाठीवर थाप मारलीत. सात वर्षांत तेवढी एकच. मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू!

आपलं खरं भांडण मात्र वडीचं होतं. माझ्या बायकोनं तुमच्या कनकीत काजू घातले, लोणी घातलं, वेलची घातली. काजू म्हणजे तुकडा काजू, दुकानात स्वस्त मिळणारा, उगाच श्रीमंती नाही. पण तुमचा जो तिळपापड झाला! "कनकीत काजू टाकून राहिला हा. कोंबडीले पैठणी नेसवून राहिला." मी म्हणायचो, चाखून तर पाहा. नाही. एकदा तुमच्या हातावर जबरदस्तीनं ठेवली तर तुम्ही ती रस्त्यावरच्या गायीला घातलीत आणि गाय खाईपर्यंत थांबून मला विचारलंत, "आता हिले जाऊन इचार, कशी लागली ते." चांगली लागते, दामूभाऊ. तुमच्यापेक्षा चांगली लागते. हे तुम्ही एकदा म्हणावं एवढी माझी इच्छा होती आणि तुम्ही मराल पण ते म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं.

मग तो रविवार. चिचगडचा रस्ता, धुकं, खळ्यांवर धानाच्या पेंढीचे ढीग. मुन्ना चहा सांगायला पुढं चिचगडला गेला होता. तुम्ही मागं पडला होतात. तुम्ही, आणि मागं! मी नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसून तुमची वाट पाहत होतो आणि तुम्ही जितका उशीर करत होतात तितकं मला बरं वाटत होतं. तुम्ही आलात. सायकल मोहाच्या झाडाला टेकवलीत, नेहमी स्टँड लावायचात तशी नाही, नुसती टेकवलीत. खाली बसलात. मी पान उघडलं.

"राजू," तुम्ही म्हणालात, "तुयी एक वडी दे."

मला वाटलं, बॅटरी उतरली. शेवटी एकदाची उतरली. आणि मी तुमच्याकडे पाहत म्हणालो, "आपली पिशवी, आपलं पोट. नियम कोनाचा जी?"

तुम्ही "बरं" म्हणालात. मी खाल्ली. तुमच्यासारखीच, सावकाश. तुम्ही झाडाला पाठ टेकून डोळे मिटलेत. मी हाताला लागलेलं लोणी चाटत होतो तेव्हा तुमची मान कलली. हाक मारली, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. धानाची पोती घेऊन एक पिकअप आला, त्या पोत्यांवर तुम्हाला टाकून देवरीच्या दवाखान्यात आणलं. वाटेत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तुम्हाला शिव्या देत होतो, ऊठ म्हणून.

हृदयच बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. मी व्हरांड्यात त्यांना गाठून विचारलं, अशा वेळी माणसानं काही गोड खाल्लं असतं तर? ते म्हणाले, काहीच फरक पडला नसता. दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाले. आणि मग मला सडकून भूक लागली, दामूभाऊ. तुम्ही आत चादरीखाली होतात आणि मी दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहून दोन प्लेट पोहे खाल्ले. मुन्ना तेव्हाच धापा टाकत पोचला. तो माझ्याकडे पाहतच राहिला.

संध्याकाळी शकुनवहिनींनी विचारलं, "भाऊजी, शेवटी काही बोलले का जी ते?"

मी म्हणालो, "तुमचं नाव घेतलं, वहिनी."

कुठून आलं तोंडात, माहीत नाही. पण त्यांचा चेहरा असा झाला की मला परत घेता येईना. दुसऱ्या दिवशी तर ते गावभर झालं. ज्या माणसानं आयुष्यभर बायकोला "अवो" म्हणून हाक मारली त्यानं मरताना तिचं नाव घेतलं. बाया येऊन वहिनींच्या गळ्यात पडायच्या, त्या तेच सांगायच्या आणि रडता रडता पदर सारखा करायच्या.

दहाव्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून तुमची पिशवी दाखवली. तुमच्या अंगावरच्या कपड्यांसोबत दवाखान्यातून परत आलेली. सहाच्या सहा वड्या तशाच, दोरासुद्धा सुटलेला नाही, पानं काळी पडलेली. "एक बी नाई खाल्ली," वहिनी म्हणाल्या. "भूक नोहती त मंग बसले कायले?"

पिशवी भरलेली होती आणि तुम्ही माझ्याकडे मागितली. एक तर हात मागं कमरेपर्यंत जात नव्हता आणि ते सांगायला तुम्हाला लाज वाटत होती. नाही तर तुम्हाला माझीच हवी होती. "तुयी" म्हणाला होतात तुम्ही. तुमच्या जन्मात तुम्ही तडजोड केली असती तर ती अशीच केली असती, एक शब्द टाकून, वर तोंड वाकडं करून. सात वर्षांचं भांडण तुम्ही मिटवायला आला होतात की काय, हे मला आता कधीच कळणार नाही. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, तेही ठरवता येत नाही.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी मी ठरवून तुमच्या घरी गेलो. म्हटलं, वहिनींना खरं सांगून टाकू. त्या अंगणात बसून मांडववाल्याची भांडी मोजून लावत होत्या.

"वहिनी, त्या दिवशीचं एक सांगायचं होतं."

त्यांनी मान वर केली नाही. "नावाचं का?"

मी खाली बसलो.

"मले मालूम हाये, भाऊजी. तीस सालात त्याईच्या तोंडून नाव नाई आयकलं, मरताना कायले घेतील? त्याच राती समजली मी." एक परात उचलून त्यांनी दुसऱ्या परातीत ठेवली. "पन तुमी बोलून बसले. मी जावायले सांगितलं, माह्या बहिनीले सांगितलं, गावाले सांगितलं. आता फिरवू नका."

"पण ते जे बोलले ना..."

"जे का बोलले असन ते तुमच्यापाशी ठेवा. मले नाई पायजे." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या कामाच्या माणसाकडे पाहावं तसं.

तेवढ्यात फाटकातून तुमच्या मावसबहिणी आल्या, उशिरा कळलं म्हणून. रडारड झाली. ती ओसरल्यावर वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. "हे भाऊजी होते शेवटी संगं. सांगा जी, का बोलले ते." आणि मी सांगितलं. नाव घेतलं म्हणालो. दोनदा घेतलं, असंही म्हणालो. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

तेव्हा आता हे ऐकायला तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही, आणि तुमच्यापाशी खोटं बोलून उपयोग नाही. वर लिहिलं ना, मला वाटलं बॅटरी उतरली? तसं मला वाटलं नव्हतं. बॅटरी उतरलेला माणूस कसा दिसतो हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? त्या थंडीत तुमचा सदरा घामानं चिकटला होता, ते मी पाहिलं होतं. ओठ काळे पडत होते. उजव्या हातानं तुम्ही डावा दंड दाबून धरला होता. वडी माझ्या हातात होती आणि तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर होतात. मी द्यायचीच ठरवली होती, खरंच. फक्त तुम्ही आणखी एकदा मागावं, एवढ्यासाठी मी थांबलो होतो.

तुम्ही मागितली नाहीत.